शनिवारचं तीर्थ

"दिसला! दिसला वो माय, महादेव दिसला!"

बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवरची गर्दी एकदम पुढं लोटली. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या रोवल्या, बायांनी कडेवरची लेकरं उंच धरली. मंडपात, झेंडूच्या माळांखाली, रगतबाबा मांडी घालून बसला होता. त्याच्या चिमटीत काचेची बारकी नळी होती. नळीत लालभडक पाणी. नळीच्या पाठीमागं त्यानं बोटभर महादेवाचा फोटो धरला होता, आणि तो फोटो त्या लाल पाण्यातून आरपार दिसत होता. जटा, चंद्र, गळ्यातला नाग, सगळं.

"हे रगत कोनाचं?" बाबा गरजला.

"माह्या पोरीचं, बाबा," सखाबाई म्हणाली.

"पयल्या मंगळवारी याच पोरीच्या रगतात काय दिसलं होतं?"

"काहीच नाही, बाबा. गढूळ. बांधीत चिखलनी केल्यावानी."

"देव दिसला होता?"

"नव्हता दिसला."

"अन् आज?"

सखाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ढसाढसा रडली. बाबानं नळी गर्दीकडं फिरवली. "पाहून घ्या! डॉक्टर म्हनते, सिकलसेल जनमभर जात नाही. अरे, जात नाही तुह्या गोळीनं! माह्या मुळीनं रगत धुतलं. गंगेचं पानी झालं. डॉक्टरचा रिपोर्ट कागदावर येते, माहा रिपोर्ट सोता महादेव देते!"

"हर हर महादेव!"

ज्या पोरीच्या रक्तात देव दिसला ती रंजू आईच्या पायाशी उकिडवी बसली होती. अकराएक वर्षांची, पण दिसायला आठाची. तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. सगळे नळीकडं बघत होते.

गर्दीच्या पार मागं, मोहाच्या झाडाखाली उभी असलेली तृप्ती मात्र पोरीकडंच बघत होती. पोरगी दोन्ही हातांनी नडगी दाबत होती आणि ओठ चावत होती.

तृप्ती म्हणजे तलावटोलीच्या उपकेंद्राची नर्स. टोली आंबागडच्या अलीकडं, किल्ल्याच्या डोंगराला टेकून वसलेली. धान पिकवणारी आणि तलावात, बोडीत जाळं टाकणारी माणसं. तृप्तीचं माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पवनीकडच्या आसगावचं. इथं तिचं कोणी नाही. पण पहिली दोन वर्षं तिला ते जाणवलंच नव्हतं. संध्याकाळी बाया तिच्या ओट्यावर यायच्या, कोणी वांगी आणायची, कोणी सासूच्या कागाळ्या. "मॅडम, तुमी एकट्या जेवता, गोड लागते का वो?" असं विचारून कोणी ताटलीत भाकर ठेवून जायची.

रगतबाबानं मंडप टाकला आणि ओटा ओस पडला.

गावात सिकलसेल घरोघरी. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस हाडातून पेटतो. दोष आईबापाकडून येतो. दोघांकडून आला तर रोग, एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक, त्याला दुखत नाही, पण रक्तात दोष असतोच. रंजूचा बाप फकिरा वाहक, आई वाहक, पोरगी रोगी. तृप्तीनंच ते शोधून काढलं होतं, तिनंच गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, आणि वर्षभरात पोरगी शाळेत धावायला लागली होती.

आता बाबाची पहिली अट: सरकारी गोळी बंद. "मुळी अन् गोळी एका पोटात राहत नाही. दोन सवती एका घरात नांदते का?" बाया हसायच्या आणि गोळ्या टाकून द्यायच्या.

दर्शन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तृप्ती सखाबाईच्या घरी गेली.

"सखाबाई, गोळ्या कुठं आहेत?"

"बोडीत टाकल्या. मासोळ्यायले चारल्या." सखाबाईनं वर न बघताच सांगितलं. ती बोंबील निवडत होती. "कायले पाह्यजे आता? तुमी नाही का मागं उभ्या होत्या? डोळ्यानं पाह्यलं ना?"

"पाहिलं. पण पोरगी लंगडते आहे."

"रोग निघून जाऊन राहिला. निघताना दुखतेच. काटा काढताना दुखत नाही का?"

रंजू खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तृप्ती तिच्याजवळ बसली. पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाले एक सांगू? मायले सांगसान नाही ना?"

"नाही सांगत."

"दुखते. गंज दुखते. पन बाबा म्हनते, दुखते म्हनाचं नाही. दुखते म्हटलं का रोग वापस येते."

चोर घरातलं सोनं नेतो. ह्या हरामखोरानं लेकराच्या तोंडातलं 'दुखते' नेलं होतं.

पण तिच्या रागाच्या तळाशी एक भीती होती, आणि ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती. नळीचा खेळ तिला अनोळखी नव्हता. सिकलसेलची पहिली तपासणी अशीच होते! तपासणीच्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा. दोष असेल तर पाणी गढूळ होतं आणि नळीमागच्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसत नाहीत. दोष नसेल तर पाणी निवळ राहतं, रेघा दिसतात. बाबानं रेघांच्या जागी महादेव बसवला होता, इतकंच. मंगळवारचं गढूळ पाणी तिला कळत होतं. कळत नव्हतं ते शनिवारचं निवळ पाणी. तिच्याच तपासणीच्या हिशेबानं पोरगी बरी झाली होती!

आणि जर खरंच मुळीत काही असेल तर?

उपकेंद्रातलं तपासणीचं किट संपून महिना झाला होता. मागणी पाठवली होती, उत्तर नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मॅडम, कायले वादात पडता? देवाधर्माचं प्रकरन. लोक दगड मारतील. बदलीचा अर्ज टाका, मी सही करतो." पुष्पाबाई, गावची आशा सेविका, तृप्तीबरोबर घरोघर फिरणारी एकमेव बाई. तिनंही नातवाला बाबाचा मंगळवारचा दोरा बांधून आणला होता.

मग तृप्तीनं एकटीनं शोध सुरू केला.

टोलीत मोबाइलला रेंज नाही. किल्ल्याच्या वाटेवर, अर्ध्या चढावर, पडक्या बुरुजाच्या सावलीत ती मिळते. दुपारी उपकेंद्र आवरलं की तृप्ती तिथं जाऊन बसायची. खाली तलाव, कापलेल्या धानाच्या बांध्या, मुंगीएवढा बाबाचा मंडप. सरपण आणणाऱ्या बाया वाटेनं जाताना एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "मॅडम कोनासंग बोलून राहिली वो?" "असन कोनी पवनीवाला!" आणि खिदळत निघून जायच्या.

नर्सिंग कॉलेजात असताना त्यांच्या ग्रंथपालानं एक दुपार खर्ची घालून सगळ्या पोरींना शिकवलं होतं: "साध्या गूगलला विचाराल तर तो बाजारातल्या बोलघेवड्यासारखा जो मोठ्यानं ओरडतो त्याचंच ऐकवील. संशोधनाची कपाटं वेगळी. पबमेड उघडा. तिथं जगभरच्या दवाखान्यांतले लेख तपासून, नावगावानिशी लावून ठेवलेले असतात. पण कपाट मुकं असतं. तुम्ही जे विचाराल तेवढंच ते देईल."

त्या दिवशी पोरी जांभया देत होत्या. तृप्तीसुद्धा.

आता ती बुरुजाखाली बसून इंग्रजी शब्द एकेक करून टाकायची. 'सिकलसेल' आणि 'मुळी'. हजारो लेख. मग रोगाचं नाव, मुळी ज्या झाडाची त्याचं शास्त्रीय नाव, आणि दोन्ही एकत्र हवेत म्हणून मध्ये 'अँड'. आता मोजके लेख. त्यातले निम्मे उंदरांवरचे, उरलेले काचेच्या बशीतल्या रक्तावरचे. माणसावर कुठंच नाही. सारांश फुकट वाचायला मिळायचा, आतला लेख कुलुपात, किल्लीचे पैसे डॉलरमध्ये. ती 'मोफत पूर्ण लेख' ही खूण करून पुन्हा शोधायची. एक-दोन लेखकांना मेल पाठवली. एकाकडून आपोआप आलेलं उत्तर मिळालं: मी रजेवर आहे. बॅटरी संपायची, ऊन उतरायचं, ती खाली यायची. 'मुळीनं बरं होतं' असं कुठं सापडत नव्हतं. 'मुळीनं बरं होत नाही' असंही कोणी लिहून ठेवलं नव्हतं. तलावटोलीच्या मुळीवर कोण कशाला लिहील?

मात्र एक गंमत सापडली. बाबाच्या मंडपात प्लास्टिकमध्ये मढवलेला इंग्रजी कागद टांगला होता. 'आंतरराष्ट्रीय संशोधनात सिद्ध' असं वर लाल अक्षरांत. तृप्तीनं त्यावरचं शीर्षक कपाटाला विचारलं आणि लेख समोर आला. झाड तेच होतं. पण रोग होता तळ्यातल्या माशांच्या अंगावर येणाऱ्या बुरशीचा.

ती एकटीच मोठ्यानं हसली. आणि पुढच्या मंगळवारी मंडपात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "हा कागद मासोळ्यांचा आहे! ह्यात माणसाच्या रक्ताचं अक्षर नाही!"

फकिरा मागून म्हणाला, "मंग हे मुळी पोरीले कायले, बोडीतच टाकू ना! मासोळ्या तरी मोठ्या होतीन!" काही जण हसले.

बाबा मात्र पापणी न हलवता उठला. "मासा! मत्स्य! अरे, देवाचा पयला अवतार कोनता?"

"मत्स्यावतार!" गर्दी ओरडली.

"जे मुळी देवाच्या पयल्या अवताराले लागू पडली, ते मानसाले लागू नाही पडनार? मॅडम, तुमी इंग्रजी शिकल्या, पुराण नाही शिकल्या!"

हशा झाला, टाळ्या झाल्या. तृप्ती गर्दीतून बाहेर निघाली तेव्हा बायांनी तिला वाट दिली. धक्का लागू नये म्हणून देतात तशी.

पुष्पाबाई तिच्यामागं चालत आली. "मॅडम, रागावू नका. तुमचा मोबाइल खरा असन. पन त्यो कागद कोन वाचते वो? लोक मुळीवर बी भरोसा नाही करून राहिले. लोकायनं नळी पाह्यली. म्या बी पाह्यली. मंगळवारी गढूळ, शनिवारी महादेव. नळीचं बोला ना काही! नळी खोटी बोलली का?"

तृप्ती जागच्या जागी थांबली.

महिनाभर ती मुळीला विचारत बसली होती. मुळीवर शंका घेतली, बाबावर घेतली, स्वतःच्या अकलेवरसुद्धा घेतली. नळीवर घेतली नव्हती. कारण नळी तिची होती, शिकवलेली होती, सरकारी होती. अंधश्रद्धा काय फक्त मंडपातच बसते? तिचीही एक होती, पांढऱ्या कोटातली.

दुसऱ्या दिवशी बुरुजाखाली बसून तिनं प्रश्न बदलला. मुळीचं नाव काढून टाकलं. रोगाचं नाव, त्या तपासणीचं नाव, आणि 'खोटं निगेटिव्ह'. म्हणजे दोष असून न दिसणं.

कपाट उघडलं.

एका जुन्या लेखाचा सारांश होता. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी गरम गावातल्या दवाखान्यात कोणाला तरी हाच प्रश्न पडला होता: रोगी माणसाचं रक्त कधी कधी निवळ का दिसतं? आणि त्यानं उत्तर शोधलं होतं. तपासणीच्या औषधात एक पावडर असते, ती रक्तातला प्राणवायू ओढून घेते. प्राणवायू गेला की दोषाचं रक्त गोळा होतं आणि पाणी गढूळ होतं. पण ती पावडर नाजूक. औषध थंड जागी, झाकून ठेवावं लागतं. उघडं ठेवलं, उन्हात ठेवलं, शिळं झालं, की ते मरतं. मेलेलं औषध कोणाचंच रक्त गढूळ करत नाही. रोग्याचंही नाही.

तृप्तीनं तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. त्या लेखकाला ती कधी भेटणार नव्हती. तरी तिला वाटलं, ह्या चढावर आपल्या शेजारी कोणीतरी येऊन बसलंय.

मग तिनं खाली बघितलं. मंडपापुढच्या चौथऱ्यावर, भर उन्हात, तांब्याचा लोटा चमकत होता. उघडा.

बाबाचा नियम गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. नव्या रोग्याचं रक्त मंगळवारी, ताज्या तीर्थात. उरलेलं तीर्थ लोट्यात ठेवायचं आणि चौथऱ्यावर उन्हात सिद्ध होऊ द्यायचं. मुळी खाऊन झालेल्यांचं दर्शन शनिवारी, त्याच सिद्ध तीर्थात. नवा माणूस शनिवारी घ्यायचा नाही. का? "शनिवार शुद्ध लोकायचा." तीर्थ म्हणजे हेच औषध! त्यानं काहीच लपवलं नव्हतं. लबाडी उघड्यावर उन्हात ठेवली होती आणि गाव येता-जाता तिला हात जोडत होतं.

ती एसटीनं तुमसरला गेली आणि ओळखीच्या लॅबवाल्याकडून ताजं किट मागून आणलं. लॅबवाला म्हणाला, "तो बाबा? आधी तपासणीच्या शिबिरात पेट्या उचलायला यायचा की! एकदा औषधाच्या बाटल्या उन्हात विसरला आणि अख्ख्या गावाचा रिपोर्ट चांगला निघाला. साहेबांनी हाकलला त्याला."

हाकललेल्या माणसानं धडा मात्र बरोबर घेतला होता.

आता हवा होता एक माणूस: अंगात दोष असलेला आणि मुळी न खाल्लेला. फकिरा तलावाच्या काठी जाळ्याची भोकं सांधत बसला होता. तृप्तीनं त्याला सगळं सांगितलं.

"मॅडम, बायको घरात घेनार नाही मले."

"माहीत आहे."

"अन् खोटं निघालं तं? म्हंजे तुमचं?"

"तर मी त्याच्या पाया पडीन. सगळ्यांसमोर."

फकिरानं जाळं बाजूला ठेवलं. "पोट्टी रातची उशी चावते," तो म्हणाला. "तिले वाटते आमी झोपलो." मग उठून उभा राहिला. "पन मंगळवारचा लाल दोरा बांधला नसन तं शनिवारी पुढं घेत नाही त्यो."

"मग?"

"मंग काय? जनमभर गाठीच मारल्या. त्याची गाठ काय देवानं मारली हाय?"

शनिवारी मंडप तुडुंब भरला. फकिरा डोक्याला टॉवेल गुंडाळून, मनगटात लाल दोरा बांधून रांगेत बसला. बाबाला काय, शेकडो मनगटं. तो दोरा बघायचा, तोंड नाही. चेल्यानं बोटाला सुई टोचली, थेंब नळीत पडला, लोट्यातलं तीर्थ ओतलं. थोड्या वेळानं बाबानं नळी उचलली, मागं फोटो धरला. लालभडक, निवळ. महादेव लख्ख.

"पाहा! पाहा मुळीचा परताप! काय होतं ह्याचं रगत, काय झालं! किती दिवस घेतली रे मुळी, बेटा?"

फकिरानं टॉवेल काढला. "म्या तं घेतलीच नाही, बाबा."

मागचे लोक त्याचं तोंड बघायला उठून उभे राहिले.

"म्या फकिरा. रंजूचा बाप. माह्या रगतात दोष हाय, गावाले ठाऊक हाय. मुळी हुंगली बी नाही अन् मंगळवारी बी आलो नाही. दोरा म्याच बांधला. मंग महादेव कसा काय दिसला?"

सखाबाई बायांतून ओरडली, "अवो, काय करून राहिले तुमी!"

बाबाच्या तोंडावरून एक सावली सरकली, पण जीभ तयारच होती. "पोरीची पुन्याई! पोरगी शुद्ध झाली, तिच्या पुन्याईनं बाप शुद्ध झाला!"

"हर हर..." काही गळ्यांतून निघालं. सगळ्या नाही.

तृप्ती पुढं आली. थंड डब्यातून तिनं किट काढलं. "बाबा, तुमची नळी राहू द्या. हे कालच आणलेलं औषध. फकिराभाऊ, बोट द्या." थेंब पडला. सगळे माना लांब करून थांबले. नळीतलं पाणी काळपट होत गेलं, मग गढूळ. तिनं बाबाच्याच हातातला फोटो घेऊन नळीमागं धरला. काहीच दिसेना.

"सरकारी बाटली!" बाबा किंचाळला. "हिच्या बाटलीत कोनाचंबी रगत टाका, गढूळच निघते!"

"मग माझं टाका." तृप्तीनं स्वतःच्या बोटाला सुई टोचली. "माझ्या रक्तात दोष नाही. पुष्पाबाई, तुमच्या हातानं टाका, नाहीतर म्हणतील मी हातचलाखी केली."

पुष्पाबाईनं थेंब टाकला, नळी धरली, फोटो मागं लावला. आणि आपणहून ओरडली, "दिसते! बाईच्या रगतात दिसते! बाटली चांगली हाय वो!"

आता कोणी हर हर केलं नाही.

तेवढ्यात रंजू उठली. कोणी सांगितलं नव्हतं. लंगडत लंगडत तृप्तीपाशी आली आणि बोट पुढं केलं. तृप्तीला नको होतं ते. पण पोरीनं हात मागं घेतला नाही.

पाणी गढूळ झालं. पहिल्या मंगळवारी झालं होतं तसंच. चिखलणी केल्यावानी.

"ऐका," तृप्ती म्हणाली. "ह्या औषधाचा जोर ताजेपणात आहे. सादळलेला फटाका वाजतो का? तसंच हे. मंगळवारी बाबा ताजं औषध वापरतो, ते रोग दाखवतं. तेच उघड्या लोट्यात उन्हात ठेवतो, ते शनिवारपर्यंत मरतं. मेलेल्या औषधात कोणाचंही रक्त लाल आणि निवळच दिसतं. तुमचं, माझं, रोग्याचं, बैलाचंही! मुळीनं काही धुतलं नाही. बाबानं फक्त आरसा फोडला."

"मंग आमची पोरं?" कोणीतरी विचारलं.

"आहेत तशीच आजारी आहेत. गोळ्या बंद केल्या, म्हणून जास्तच."

मंडपात गोंधळ उडाला. कोणी लोट्याला लाथ मारली, कोणी चेल्याची गचांडी धरली. त्या धांदलीत बाबा मागच्या कनातीखालून निसटला. तृप्तीनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पोलीस आले, पंचनामा करून गेले. बाबानं बावनथडी नदीपलीकडं नवा मंडप टाकला असं ऐकू येतं. तिकडं बहुधा महादेवाऐवजी दुसरा देव असेल. बाटली तीच.

तुम्हाला वाटेल, गावानं तृप्तीची पाठ थोपटली असेल. थोपटणारं गाव मला दाखवा! फसवणाऱ्याला माणूस विसरतो; 'तू फसलास' असं चारचौघांत दाखवणाऱ्याला विसरत नाही. बाया नळावर तिला बघून बोलायचं थांबवू लागल्या. लोक पोरांना घेऊन थेट तुमसरला जाऊ लागले, तिच्या दारावरून. गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, हेच खरं. तिनं त्यावर समाधान मानायचं ठरवलं. संध्याकाळी ओट्यावर ती आणि एक मांजर.

फक्त एक घर तुमसरलाही जात नव्हतं. त्या शनिवारी मंडप रिकामा होताना सखाबाई तृप्तीसमोर येऊन उभी राहिली होती. शिव्या दिल्या नव्हत्या. एवढंच म्हणाली होती, "माह्या पोरीच्या रगतात देव दिसला होता. तुमी पुसला. आता म्या कोनाकडं पाहू?" तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. पोरीला कोणालाच हात लावू देत नव्हती. फकिरानं दोनदा पोरीला उचलून न्यायचा प्रयत्न केला, दोनदा ती दारात आडवी पडली.

तृप्ती पुन्हा चढ चढून बुरुजाखाली गेली. तिनं कपाटाला विचारलं: खोटा उपाय उघडा पडल्यावर आईचा विश्वास परत कसा मिळवायचा? रोगाचं नाव टाकलं, 'आई' टाकलं, 'आशा तुटणे' टाकलं, प्रत्येक शब्दामध्ये 'अँड'. पडद्यावर आलं: काही सापडलं नाही. शब्द कमी करून पाहा.

ती खाली उतरली आणि सरळ सखाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. सखाबाई आतून बघून गेली. परत बघून गेली. "हाकलल्यावर जासान का?" तिनं विचारलं. "नाही," तृप्ती म्हणाली. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. दुसऱ्या दिवशीही ती आली आणि बसली. त्याच्या पुढच्याही दिवशी.

त्या दिवशी आतून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "माय, दुखते."

सखाबाई उंबऱ्यात आली. तिचे डोळे सुजलेले होते. तृप्तीकडं न बघता तिनं हात पुढं केला. "कोनती गोळी पयले द्याची?"

तृप्तीनं दिली. पोरीचं अंग तापलं होतं, म्हणून फकिरा ऑटो आणायला धावला. तुमसरच्या दवाखान्याकडं, ऑटोच्या मागच्या सीटवर, दोघी बाया पोरीला मांडीवर आडवी घेऊन गेल्या, एकमेकींशी न बोलता.

वाचणाऱ्यांनो, देव मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. त्यासाठी ही गोष्ट लिहिली नाही. पण कोणी तुम्हाला चमत्काराचा पुरावा दाखवला, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की मोबाइलवर आलेला व्हिडिओ असो, तर हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा: ज्यानं हे औषध घेतलंच नाही, त्यालाही हेच दिसलं असतं का? हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. तो विचारू न देणारा माणूस चोर आहे, त्याच्या कपाळावर कितीही भस्म असू द्या. आणि तुमच्या गावात हा प्रश्न विचारणारी एखादी बाई असेल, एकटी पडलेली, तर लाजू नका. जा आणि तिच्या ओट्यावर बसा.